कुंडीतल्या खतांची तुलना: शालेय प्रयोग कसा मांडावा

खतांची तुलना करण्याचा शालेय प्रयोग वरवर फार सोपा वाटतो. चार कुंड्या, चार खते, महिन्याभराने उंची मोजायची आणि सर्वांत उंच रोपाच्या खताला पहिला क्रमांक द्यायचा, अशी त्याची नेहमीची रीत. या रीतीने खताविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. एका कुंडीला ऊन जास्त मिळाले, दुसरीत खत दुप्पट पडले, तिसरीतले बी मुळातच जोमदार निघाले, तर दिसणारा फरक खताचा की या गोष्टींचा हे कोणालाही सांगता येणार नाही. खताची पारख करायची तर खत सोडून बाकी सगळे सारखे ठेवावे लागते, आणि खत चिमटीने न घालता हिशेबाने घालावे लागते. हा हिशेब सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखा आहे. शाळांमध्ये तो क्वचितच केला जातो, म्हणून येथे त्याच्यावर जास्त भर दिला आहे.

सुरतच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. या मुलांपैकी अनेकांच्या गावाकडे कापूस, मका, केळी, गहू पिकतो. युरियाचे पोते, शेणखताचा ढीग या गोष्टी त्यांनी पाहिलेल्या असतात. शहराजवळच हजिऱ्याला कृभकोचा युरियाचा प्रचंड कारखाना आहे आणि नवसारीला कृषी विद्यापीठ आहे. अडचण असते ती जागेची. दाटीच्या वस्तीत अंगण नसते, प्रयोग होतो तो घराच्या किंवा शाळेच्या गच्चीवर. त्यामुळे पुढची सगळी मांडणी गच्चीवरच्या कुंड्या धरून केली आहे. गणित-विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा १० ते १७ वयोगटासाठी असलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेससाठीही अशा प्रयोगाचा उपयोग होतो.

प्रश्न आधी ठरवावा

“कोणते खत सर्वांत चांगले?” हा प्रश्न प्रयोगाला चालत नाही. कोणत्या पिकाला, किती दिवसांत, कोणत्या मापाने चांगले, हे त्यात नाही. “नायट्रोजनचे प्रमाण सारखे ठेवले तर ४५ दिवसांत युरिया, गांडूळखत आणि निंबोळी पेंड यांपैकी कशामुळे गव्हाच्या रोपांचे कोरडे वजन जास्त भरते?” हा प्रश्न चालतो, कारण त्याचे उत्तर तराजू देऊ शकतो.

प्रयोगात चार प्रकारच्या कुंड्या पुरेशा आहेत: बिनखताच्या, युरियाच्या, गांडूळखताच्या आणि निंबोळी पेंडीच्या. बिनखताच्या कुंड्या कधीही वगळू नयेत. मातीत मुळातच भरपूर अन्न असेल तर कोणत्याही खताने फरक पडत नाही, आणि हे कळण्याचा बिनखताची कुंडी हाच एक मार्ग आहे. प्रकार वाढवण्याचा मोह टाळावा. आठ खतांच्या एकेक कुंडीपेक्षा चार प्रकारांच्या पाच-पाच कुंड्या कितीतरी जास्त सांगून जातात.

सुरतेत एरंडीची पेंडही मिळते, पण ती शाळेच्या प्रयोगात वापरू नये. एरंडीच्या बियांत रायसिन हे तीव्र विष असते. पेंडीवर योग्य प्रक्रिया झालेली नसेल तर तिच्यातही ते उरते, आणि कुत्री ती चवीने खातात.

पीक: डाळवर्गीय नको

शाळेत प्रयोग म्हटला की मूग, हरभरा किंवा मेथी पेरली जाते, कारण ती पटकन उगवतात. खतांच्या तुलनेसाठी नेमकी हीच पिके गैरसोयीची आहेत. ती शेंगावर्गीय आहेत. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. नायट्रोजनचे खत दिले काय आणि न दिले काय, ती आपली गरज बऱ्याच अंशी भागवून घेतात, आणि मग बिनखताची कुंडीही हिरवीगार दिसते. मुलाला वाटते की खताचा उपयोगच नाही.

नायट्रोजनची उणीव लगेच दाखवणारी पिके म्हणजे गहू, मका, बाजरी, पालक. हिवाळ्यात गहू उत्तम. गुजरातेत आणि महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेला लोकवन गहू हा भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेत निपजलेला वाण आहे. धान्याच्या दुकानातल्या गव्हात वाणांची सरमिसळ असू शकते, म्हणून बियाण्याचे पाकीट घ्यावे. पाकिटातल्या बियांना रंगीत औषध चोळलेले असते. ते बी तोंडात घालू नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. पावसाळ्यात करायचे असेल तर मका बरा. मात्र मक्याचा दाणा मोठा असतो आणि रोपटे पहिले काही दिवस दाण्यातल्या साठ्यावरच वाढते, त्यामुळे दहाव्या दिवशी फरक दिसला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

सुरतेतला पाऊस मुसळधार असतो. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या गच्चीवरच्या कुंडीतून पाणी वाहून जाते आणि त्याबरोबर विरघळलेला नायट्रेटही जातो. युरियाचा पराभव झाला असे मग वाटते, प्रत्यक्षात तो पावसाने धुऊन नेलेला असतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीचे काँक्रीट इतके तापते की कुंडीतल्या मुळांनाच चटका बसतो. म्हणून हिवाळा सर्वांत सोयीचा. दिवाळीची सुट्टी संपवून कुटुंबे गावाकडून परतली की कुंड्या भराव्यात, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पेरावे आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कापणी उरकावी. १४ जानेवारीच्या उत्तरायणला सुरतेची प्रत्येक गच्ची पतंगांसाठी माणसांनी भरते. त्या गर्दीत आणि मांज्याच्या गुंत्यात गव्हाची रोपे टिकत नाहीत.

माती आणि कुंड्या

या भागातली माती मुख्यतः काळी, चिकण. ती ओली असताना घट्ट बसते, वाळली की भेगाळते, आणि कुंडीत तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. दोन भाग काळी माती आणि एक भाग वाळू असे मिश्रण करावे. रोपवाटिकेतून “तयार माती” आणू नये. तिच्यात आधीच खत घातलेले असते. वीस कुंड्यांसाठी प्रत्येकी तीन किलो, म्हणजे साठ किलो माती लागते. ती सगळी एकाच ठिकाणाहून आणावी, ढेकळे फोडावीत, चाळावी, एकच ढीग करून फावड्याने तीन-चार वेळा उलथापालथ करावी आणि मगच भरावी. पाच कुंड्या एका पोत्यातून आणि पाच दुसऱ्यातून भरल्या तर तुलना तेथेच बिघडते.

कुंड्या सगळ्या एका आकाराच्या, एका रंगाच्या असाव्यात. रंगाच्या रिकाम्या चार लिटरच्या बादल्या घासून धुऊन घेतल्या तरी चालतात. रंगाचा थर राहू देऊ नये. तळाला सारखी चार भोके, खाली बशी, आणि बशीखाली वीट किंवा लाकडी फळी म्हणजे गच्चीची उष्णता थेट लागत नाही. बशीत उतरलेले पाणी फेकायचे नाही, त्याच कुंडीत परत घालायचे, कारण त्यात खताचा अंश असतो.

खताचा हिशेब

युरिया एक चमचा आणि गांडूळखतही एक चमचा, अशी “समान” मात्रा बहुतेक प्रकल्पांत दिसते. ही समानता खोटी आहे. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात तो किमान १ टक्का असावा लागतो. निंबोळी पेंडीत तो साधारण ५ टक्के, तर कुजलेल्या शेणखतात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. म्हणजे सारख्या वजनात युरियाने गांडूळखताच्या ४६ पट नायट्रोजन दिला. अशा वेळी रोप जळाले किंवा फोफावले, तर ती करामत खताच्या जातीची नसून मात्रेची असते.

कुंडीत नायट्रोजन किती द्यावा? बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नायट्रोजनची शिफारस आहे. एका हेक्टरातल्या १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीचे वजन सुमारे २२.४ लाख किलो धरतात. भागाकार केला तर प्रत्येक किलो मातीला सुमारे ५४ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. कुंडीत मुळांना पसरायला जागा कमी आणि रोपे दाट असल्याने साधारण दुप्पट मात्रा घेतात. सोयीसाठी किलोला १०० मिलिग्रॅम धरावे. तीन किलोच्या कुंडीला मग ३०० मिलिग्रॅम नायट्रोजन हवा.

आता प्रत्येक खताचे वजन काढता येते. ३०० मिलिग्रॅमला खतातल्या नायट्रोजनच्या टक्केवारीने भागायचे आणि १०० ने गुणायचे. युरिया ६५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.६५ ग्रॅम. ५ टक्क्यांची निंबोळी पेंड ६ ग्रॅम. १ टक्क्याचे गांडूळखत ३० ग्रॅम. शेणखत वापरले तर ६० ग्रॅम. पाकिटावर वेगळी टक्केवारी छापलेली असेल तर तीच घ्यावी. टक्केवारी कोरड्या वजनावर दिलेली असेल तर ओलाव्याचा हिशेबही करावा लागतो. गांडूळखत १०० ग्रॅम घेऊन उन्हात पूर्ण वाळवावे. ७५ ग्रॅम भरले तर ३० ग्रॅम कोरड्या खतासाठी ४० ग्रॅम ओले खत मोजावे लागेल.

०.६५ ग्रॅम मोजायला स्वयंपाकघरातला काटा उपयोगी नाही. सराफाच्या दुकानातला बारीक काटा मिळाला तर ठीक, नाही तर युरिया पाण्यात विरघळवून भाग पाडावेत. १३ ग्रॅम युरिया २ लिटर पाण्यात विरघळवला की त्यातल्या १०० मिलिलिटर पाण्यात ०.६५ ग्रॅम युरिया येतो. हे पाणी दोन हप्त्यांत द्यावे, ५० मिलिलिटर दहाव्या दिवशी आणि ५० मिलिलिटर पंचविसाव्या दिवशी. त्याच वेळी बाकीच्या पंधरा कुंड्यांना ५० मिलिलिटर साधे पाणी द्यायला विसरू नये. पेरणीच्या दिवशी बियाजवळ युरिया घालू नये. मातीतल्या युरिएज या विकराने उबदार हवेत त्याचा काही दिवसांतच अमोनिया होतो आणि कोवळा कोंब जळतो. उरलेले युरियाचे पाणी थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. डब्यावर चिठ्ठी लावून तो लहान मुलांपासून दूर ठेवावा.

आणखी एक गुंतागुंत आहे. गांडूळखत आणि पेंडीतून नायट्रोजनबरोबर स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्येही मिळतात, युरियातून फक्त नायट्रोजन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय केलेला न्यूनतमाचा नियम असा आहे की ज्या अन्नद्रव्याची सर्वांत जास्त टंचाई असेल तेच वाढीची मर्यादा ठरवते. मातीत स्फुरद कमी असेल तर युरियाच्या कुंडीत नायट्रोजन असूनही रोप खुजे राहील. यावर उपाय म्हणजे वीसही कुंड्यांत, बिनखताच्या धरून, सुरुवातीला एकेक ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळणे. पालाशाची चिंता सहसा नको, कारण काळ्या मातीत तो बहुधा पुरेसा असतो. केळीची साल किंवा तिचे पाणी घालून फरक दिसत नाही याचेही हे एक कारण आहे. सालीतून मुख्यतः पालाश मिळतो आणि तो मातीत आधीच असतो.

सेंद्रिय खताला वेळ द्यावा

युरियातला नायट्रोजन आठवड्याभरात मुळांना घेता येतो. गांडूळखतातला आणि पेंडीतला बहुतेक नायट्रोजन प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंत अडकलेला असतो. जिवाणू-बुरशी तो हळूहळू मोकळा करतात आणि पहिल्या हंगामात त्याचा काही अंशच झाडाला मिळतो. ३० दिवसांच्या स्पर्धेत त्यामुळे सेंद्रिय खत बहुधा मागे पडते. हा निकाल चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. शेवटी झाड नायट्रोजन घेते तो मुख्यतः अमोनियम आणि नायट्रेट या रूपांतच. तो कारखान्यातून आला की गांडुळाकडून, याने झाडाला फरक पडत नाही. फरक असतो तो वेगात, आणि सेंद्रिय पदार्थाने मातीची पाणी धरण्याची ताकद वाढते त्यात.

म्हणून गांडूळखत आणि पेंड पेरणीच्या दोन आठवडे आधी मातीत मिसळून कुंड्या ओलसर ठेवाव्यात. बिनखताच्या आणि युरियाच्या कुंड्यांतली मातीही त्याच दिवशी ओली करून तितकेच दिवस ठेवावी. नुसते ओले राहण्यानेही मातीतला काही नायट्रोजन मोकळा होतो, आणि तो फायदा सर्वांना सारखा मिळाला पाहिजे.

लाकडाच्या भुशासारखे न कुजलेले पदार्थ थेट कुंडीत घातले तर रोपे उलट पिवळी पडू शकतात. कर्ब आणि नायट्रोजन यांचे गुणोत्तर साधारण ३० पेक्षा जास्त असलेला पदार्थ कुजवताना जिवाणू मातीतलाच नायट्रोजन स्वतःसाठी ओढून घेतात. हा स्वतंत्र प्रयोगाचा उत्तम विषय आहे. कुजवण्याची शास्त्रीय रीत इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ च्या पुस्तकात मांडली आणि ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत ही पुढची मराठी भर. गुजरातेत नैसर्गिक शेतीचा प्रसार जोरात असल्याने मुले जीवामृतही सुचवतात. त्याचे प्रचलित माप २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो गूळ, तितकेच बेसन आणि मूठभर माती असे आहे. दोन लिटरसाठी सगळे शंभराने भागावे. मात्र जीवामृत मुख्यतः जिवाणूंच्या वाढीसाठी देतात. नायट्रोजनच्या वजनावर त्याची युरियाशी तुलना करता येत नाही, त्याला वेगळा प्रश्न हवा. केळीच्या खोडाच्या रसापासून नवसारी कृषी विद्यापीठाने विकसित केलेले ‘नोवेल’ हे द्रवरूप खतही मोठ्या विद्यार्थ्यांना घेता येईल, विशेषतः ज्यांच्या गावाकडे केळीची खोडे बांधावर पडून असतात त्यांना.

कुंड्या कोठे ठेवायच्या

गच्चीवर सर्वांत मोठी गफलत उन्हाची होते. शेजारच्या इमारतीची सावली, पाण्याची टाकी, कठडा यांमुळे दोन-तीन मीटरच्या अंतरात उन्हाचे तास बदलतात. एका प्रकारच्या पाच कुंड्या एकत्र ठेवल्या तर त्या गटाला मिळालेले ऊन आणि त्याचे खत वेगळे करता येत नाही.

यावरचा तोडगा शेतीप्रयोगांनीच जगाला दिला. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. तेथे १९१९ मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगाचे वाफे चिठ्ठ्या टाकून वाटण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. भारतात हे शास्त्र शेतीसंशोधकांपर्यंत नेणारे पुस्तक विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी लिहिले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते १९५४ मध्ये प्रसिद्ध केले आणि कृषी विद्यापीठांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. सुरतेतही शेतीसंशोधनाची परंपरा आहे. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, ‘संकर-४’, डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये येथल्याच कापूस संशोधन केंद्रात दिला.

वीस कुंड्यांसाठी ही पद्धत अशी: गच्चीवर कठड्याला समांतर पाच ओळी आखाव्यात. प्रत्येक ओळीत प्रत्येक प्रकारची एक, अशा चार कुंड्या ठेवाव्यात. ओळीतली कोणती जागा कोणाला, हे चार चिठ्ठ्या उचलून ठरवावे, आणि दर ओळीसाठी नव्याने उचलावे. मग एका ओळीवर सावली जास्त पडली तरी ती चारही प्रकारांवर पडते. कुंड्यांवर खताचे नाव न लिहिता १ ते २० क्रमांक लिहावेत, कोणत्या क्रमांकाला काय दिले याची यादी शिक्षकांकडे ठेवावी, आणि मोजणाऱ्याला ती शेवटपर्यंत दाखवू नये. आवडत्या खताच्या रोपाची पट्टी नकळत वर धरली जाते. हा दोष मोठ्या शास्त्रज्ञांच्या हातूनही घडतो, मुलांकडून घडला तर त्यात गैर काही नाही, पण तो टाळण्याची सोय हाताशी आहे.

प्रत्येक कुंडीत सहा बिया दोन सेंटिमीटर खोल पेराव्यात आणि आठव्या दिवशी सर्वांत सारखी तीन रोपे ठेवून बाकीची उपटावीत.

पाणी

पाणी एकाच ठिकाणचे असावे. नळाचे पाणी आणि बोअरचे खारट, जड पाणी आलटून पालटून देऊ नये. सगळ्या कुंड्यांना सारखे पाणी देणे हा सोपा नियम आहे आणि लहान वर्गांना तो पुरतो. मोठ्यांनी कुंडीचे वजन बघून पाणी द्यावे: पहिल्या दिवशी माती पूर्ण भिजून निथळल्यावर वजन लिहून ठेवायचे आणि दर दोन दिवसांनी त्या वजनाइतके होईपर्यंत पाणी घालायचे. मोठे रोप जास्त पाणी पिते, आणि सारख्या पाण्यात तेच आधी तहानते. वजनाच्या पद्धतीत हा अन्याय होत नाही, शिवाय कोणत्या कुंडीने एकूण किती पाणी घेतले हा जादा निष्कर्ष हाती लागतो.

मोजणी

दर आठवड्याला ठरलेल्या वारी उंची आणि पानांची संख्या नोंदवावी. उंची मातीपासून सर्वांत लांब पान सरळ धरून त्याच्या टोकापर्यंत. नुसत्या उंचीवर मात्र विसंबू नये. सावलीतले रोप उजेडाच्या ओढीने उंच आणि किडकिडीत होते. पानांचा रंगही बघावा. नायट्रोजन कमी पडला की गव्हाची खालची, जुनी पाने टोकाकडून आधी पिवळी पडतात, कारण रोप त्यांतला नायट्रोजन काढून नव्या पानांना देते.

निर्णायक माप म्हणजे कोरडे वजन. ४५ व्या दिवशी कुंडीतली तिन्ही रोपे मातीलगत कापावीत, क्रमांक लिहिलेल्या कागदी पिशवीत घालून उन्हात वाळवावीत, आणि लागोपाठ दोन दिवस वजन सारखे येईपर्यंत तोलावीत. येथे बारीक काटा लागतोच. कापणीनंतर एकेका प्रकारची एक कुंडी उलटी करून मुळे धुऊन पाहिली तर वह्यांत नसलेले पुष्कळ काही दिसते, पण उरलेल्या कुंड्या राहू द्याव्यात. त्यांचा उपयोग पुढे आहे.

एखादी कुंडी पक्ष्यांनी उकरली किंवा पडली तर ती घटना तारखेसह लिहावी. आकडा आवडला नाही म्हणून तो गाळू नये.

आकड्यांवरून काय म्हणता येते

प्रत्येक प्रकाराची सरासरी काढणे ही पहिली पायरी. त्यापुढे पाचही आकडे आलेखावर ठिपक्यांनी दाखवावेत. समजा युरियाच्या पाच कुंड्यांची वजने २.१, २.४, २.६, २.८ आणि ३.० ग्रॅम आली, आणि बिनखताची १.१, १.२, १.४, १.५ आणि १.७. बिनखतातली सर्वांत जड कुंडीही युरियातल्या सर्वांत हलक्या कुंडीपेक्षा हलकी आहे. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता मोजता येते. दहा कुंड्यांपैकी कोणत्या पाच वरच्या क्रमांकांवर याव्यात याचे २५२ प्रकार होतात, आणि दोन्ही गट पूर्ण वेगळे पडतील असे त्यांत फक्त दोन. म्हणजे शक्यता १२६ मध्ये एक. प्रत्येकी तीनच कुंड्या असत्या तर एकूण प्रकार २० आणि शक्यता १० मध्ये एक, म्हणजे फारसा भरवसा नाही. तीनऐवजी पाच कुंड्यांचा आग्रह याचसाठी. दोन गटांचे ठिपके एकमेकांत मिसळले असतील तर “या प्रयोगात फरक दिसला नाही” असे स्वच्छ लिहावे. तो निष्कर्षच आहे, अपयश नव्हे, आणि परीक्षकांनीही त्याला तेवढाच मान द्यायला हवा.

निष्कर्ष प्रयोगाच्या मर्यादेतच ठेवावा. लोकवन गहू, काळी माती आणि वाळूचे मिश्रण, हिवाळ्यातले ४५ दिवस, इतक्यावरून “रासायनिक खत सेंद्रियापेक्षा चांगले” किंवा त्याच्या उलट असे काही सिद्ध होत नाही.

पैशांची तुलना वेगळ्या तक्त्यात करावी. निंबोळीचे वेष्टन असलेल्या युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे. त्यात २०.७ किलो नायट्रोजन, म्हणजे किलोला सुमारे १३ रुपये. १ टक्क्याचे गांडूळखत किलोला १० रुपयांनी मिळाले असे समजले तर त्यातला नायट्रोजन किलोला १,००० रुपये पडतो. हे वाचून गांडूळखत महाग ठरवण्याआधी दोन गोष्टी लिहाव्यात: युरियाची किंमत सरकारी अनुदानामुळे इतकी कमी आहे, आणि गांडूळखतातून मिळणारे कर्ब, स्फुरद, पालाश या हिशेबात धरलेलेच नाहीत.

त्याच कुंड्यांत दुसरे पीक

उत्तरायण झाले की उरलेल्या सोळा कुंड्यांतली माती वरवर मोकळी करून, काहीही नवे खत न घालता, पुन्हा पेरता येते. जानेवारीच्या अखेरीस पालक पेरला तर वार्षिक परीक्षेची घाई सुरू होण्याआधी कापणी होते. युरियाचा बराचसा नायट्रोजन पहिल्या पिकाने उचललेला असतो, तर गांडूळखत आणि पेंडीतला राहिलेला अजून सुटत असतो. दुसऱ्या पिकात क्रम बदलला का, हे पाहणे पहिल्या निकालाइतकेच महत्त्वाचे आहे, आणि शालेय प्रकल्पांत ते जवळजवळ कोणीच पाहत नाही. ओळी, क्रमांक, पाणी आणि मोजणी पहिल्यासारखीच ठेवावी. शेवटच्या तक्त्यात दोन्ही पिकांची कोरडी वजने शेजारी शेजारी लिहावीत आणि त्यांची बेरीज तिसऱ्या रकान्यात द्यावी.